रेघेपुरता वेळ : पेण-रोह्यातल्या आयांच्या चित्रवहीसाठी प्रस्तावना

विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. त्यांच्या आईची, रुक्मिणीबाईंची, एक आठवण त्यांनी सांगून ठेवली आहे. रुक्मिणीबाईंनी देवाला लाख तांदूळ वाहायचा नेम धरला होता. एकेक दाणा मोजायचा आणि वाहायचा. विनोबांच्या वडिलांची वृत्ती शास्त्रीय. त्यांनी सुचवलं, तोळाभर तांदळात किती दाणे बसतात ते एकदा मोजावं, त्या हिशोबाने लाख दाण्यांचं वजन काढावं, आणि कमी पडायला नकोत म्हणून अर्धा तोळा वर टाकावा. हिशोब बिनचूक होता. रुक्मिणीबाईंना त्यावर काही उत्तर सुचलं नाही. संध्याकाळी त्यांनी मुलाला विचारलं. विनोबांचं म्हणणं पडलं की हे गणिताचं काम नाही, भक्तीचं आहे. एकेका दाण्याबरोबर मन देवापाशी जातं, म्हणूनच एकेक मोजायचा.

वडिलांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. बाईचा वेळ वाचावा, असंच त्यात आहे. पण दिवसभर घरासाठी राबणाऱ्या त्या बाईला वाचवलेला वेळ नको होता. तेवढा वेळ तिला पुरता स्वतःच्या हातात हवा होता. दाणा उचलायचा, ठेवायचा, पुढचा उचलायचा. हात सावकाश चालतो आणि त्याच्या मागोमाग मनही सावकाश होतं.

या वहीचा विषय तोच आहे. तांदळाच्या जागी रेघ आहे, इतकंच. साधं बॉलपेन, साधा कागद, आणि पाच-दहा मिनिटं. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या लहान मुलांच्या आया डोळ्यांसमोर ठेवून ही वही केली आहे. चित्रकला शिकवायचा तिचा हेतू नाही. काढताना मन एका जागी टेकावं, एवढीच अपेक्षा.

या आयांचा दिवस कसा असतो ते इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांत नवऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलते, आणि तिच्याबरोबर घरातली झोपेची, जेवणाची, डब्याची वेळ बदलते. नाईट करून आलेला माणूस आत झोपलेला असतो, तेव्हा दोन खोल्यांत तीन वर्षांच्या मुलाला गप्प ठेवणं हे काम कुठल्याच यादीत येत नाही. पेणहून पनवेल-ठाण्याकडे नोकरीला जाणारी बाई दिव्याची गाडी गाठते, त्याआधी तिने एक अख्खा स्वयंपाक उरकलेला आणि मुलाला आंघोळ घातलेली असते. उन्हाळ्यात पोह्याच्या पापडांची ऑर्डर, पावसात लावणी, आषाढ-श्रावणात गणपतीचे कारखाने. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तिच्यानुसार घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घरकामात जातात. जे पुरुष घरकाम करतात त्यांची सरासरी ८८ मिनिटं निघाली. मुलाबाळांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं या २८९ मिनिटांत धरलेलं नाही, ते वेगळं मोजलं आहे.

अशा बाईच्या हातात वही देऊन ‘स्वतःसाठी वेळ काढा’ म्हणणं म्हणजे तिच्या कामांत आणखी एकाची भर घालणं, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते : ही वही रोज भरायची नाही. पानांवर तारखा नाहीत. आठवडाभर ती कपाटावर पडून राहिली तर काही बिघडत नाही.

आता त्या नेहमीच्या वाक्याकडे येऊ. ‘मला चित्रं काढता येत नाहीत.’ वही पुढे केली की पहिलं वाक्य हेच येतं. शाळेत चित्रकलेच्या तासाला कोणीतरी हसलेलं असतं, किंवा मोर कोंबडीसारखा दिसलेला असतो, आणि तिथेच तो विषय मिटतो. पण तीच बाई उभ्या-उभ्या वाकून दारात सात ते एक ठिपक्यांची रांगोळी घालते, तेव्हा तिच्या चिमटीतून पडणारी रेघ एकसारख्या जाडीची असते. ते चित्र नाही, असं कोणी ठरवलं?

आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या रेघा काढत आल्या आहेत. कोकणात शिरगोळ्याची भुकटी सगळीकडे मिळत नसे, तेव्हा भाताची तुसं जाळून त्यांच्या पांढऱ्या राखेची रांगोळी करत. चातुर्मासात गोपद्मांचा नेम असे, आजही काही घरांत आहे : आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत देवापुढे रोज ३३ गोपद्मं काढायची. गाईच्या खुराची ती लहानशी खूण काढायला अवघड नाही, पण चार महिन्यांत तीच खूण जवळजवळ चार हजार वेळा हाताखालून जाते. कुठल्याही चित्रशाळेत इतका सराव करून घेत नसतील. नागपंचमीला पाटावर नाग निघतो. श्रावणात जिवती येते, आणि ती तर मुलांच्या आयांचीच देवता. तिचं चित्र पूर्वी घरच्या बाईच्या हातचं भिंतीवर असे. आता बाजारात छापील कागद मिळतो. तो कागद सोयीचा आहे, मीही तोच लावते. पण भिंत सारवून, बोट गंधात बुडवून जिवतीच्या मांडीवरचं मूल काढायला लागणारा तो अर्धा तास त्या सोयीबरोबर घरातून निघून गेला, याची नोंद कोणी घेतली नाही.

या सगळ्या रेघांना काहीतरी निमित्त होतं. देव, व्रत, सण, मुलाचं आयुष्य, पाहुणे. नुसतं मला बरं वाटतं म्हणून काढते, असं म्हणायची सोय नव्हती. दसऱ्याच्या उत्सवात रोह्याला ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस मानवंदना देतात, आणि पालखीच्या वाटेवर दारोदार रांगोळ्या पडतात. त्या पहाटे ओणवं बसून रंग भरणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही, ‘हे कशाला करतेस?’ तीच बाई एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी कागद घेऊन बसली, तर हा प्रश्न पहिल्यांदा तिच्याच मनात येतो. मला वाटतं, आपल्या आयांची खरी अडचण इथे आहे. हात तयार आहे. निमित्ताशिवाय बसायची परवानगी नाही.

पेणबद्दल इथे थोडं थांबून लिहायला हवं, कारण रेघेचं असं गाव दुसरं नाही. शंभराहून जास्त वर्षं इथे गणपती घडतायत. गावात आणि हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या बाजूच्या गावांत घरोघरी कारखाने आहेत. परदेशी जाणारे गणपती बोटीने जातात, म्हणून त्यांचं काम पावसाच्या कितीतरी आधी संपवावं लागतं. मुंबई-पुण्याचे श्रावणात निघतात. साच्यातून काढलेली मूर्ती घासून गुळगुळीत करायची, पांढरा हात मारायचा, अंगाचा रंग, पितांबर, शेला, सोनेरी, आणि शेवटी आखणी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. बारीक ब्रशाने भुवई, पापणीची कड, बुबुळ. ते काम कसलेल्या हाताकडेच जातं. रेघ केसभर चुकली तरी गणपती रागावलेला किंवा झोपाळलेला दिसतो, म्हणून ती ओढताना श्वाससुद्धा आवरून धरावा लागतो. या कारखान्यांत रंगकामाला, खडे लावायला आणि काही ठिकाणी आखणीलाही बायका आहेत. त्यांतल्या कितीतरी लहान मुलांच्या आया. काही जणी मूर्ती घरी आणून रंगवतात, मूल शेजारी खेळत असतं.

बघणाऱ्याला वाटेल, यांना चित्राची वही कशाला? दिवसभर रंगातच तर असतात. पण कारखान्यातल्या रेघेला घाई असते. मूर्ती मोजून द्यायच्या असतात, गणेशचतुर्थीची तारीख हलत नाही, आणि रेघ चुकली तर मूर्ती परत येते. तिथे हात स्थिर असतो आणि मन पुढच्या मूर्तीकडे धावत असतं. कसब तेच, हात तोच, पण कोणी मागितलेली नाही आणि कोणाला द्यायची नाही अशी रेघ ओढून पाहणं वेगळं आहे. ही वही त्यांच्यासाठीसुद्धा आहे. खरं तर आधी त्यांच्यासाठी.

बायकांची चित्रं भिंतीवरून कागदावर येण्याची एक मोठी गोष्ट भारतात घडली, आणि तिच्यात एक मराठी माणूस आहे. १९६६-६७ च्या सुमारास बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा हस्तकला मंडळाच्या वतीने पुपुल जयकरांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मिथिलेत पाठवलं. तिथल्या बायका लग्नघराच्या भिंतींवर चित्रं काढत. कुलकर्णींनी त्यांना कागद दिले, चार पैसे मिळावेत म्हणून. त्यातून सीतादेवी, गंगादेवी, महासुंदरीदेवी ही नावं पुढे आली. पुढे वारल्यांच्या मुलखातही कुलकर्णी पोचले. तिथे लग्नाचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने काढत. कागद आल्यावर मात्र जिव्या सोमा मशे आणि त्यांच्यामागून आलेले पुरुषच जास्त नावारूपाला आले. मशे थोर चित्रकार होते, त्यात शंका नाही. पण जी रेघ पैसे मिळवून देऊ लागते ती बायकांच्या हातात टिकेलच असं नाही, हेही त्यातून दिसतं.

गंगादेवींचं मला फार वाटतं. पुढे पद्मश्री मिळालेल्या, परदेशांत जाऊन आलेल्या या बाईला कर्करोग झाला. दिल्लीत उपचार चालू असताना त्यांनी दवाखाना, खाटा, डॉक्टर, स्वतःचा आजार हे सगळं चित्रांत काढलं, लग्नघराच्या भिंतीसाठी शिकलेल्या त्याच रेघेत. लग्नाची रेघ दुखण्यालाही पुरली. त्या चित्रांना सणाचं निमित्त नव्हतं.

चित्र काढल्याने खरंच बरं वाटतं का, हे कोणी तपासलंय का, असंही विचारलं जाईल. तपासलं आहे. अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास छापला. १८ ते ५९ वयाच्या ३९ माणसांना ४५ मिनिटं रंग, कागद, माती देऊन हवं ते करायला सांगितलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं. ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं हे द्रव्य साधारण ७५ टक्के लोकांत कमी झालं. माझ्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट पुढची आहे : ज्यांनी पूर्वी कधी चित्र काढलं नव्हतं आणि ज्यांना सवय होती, त्यांच्यात याबाबतीत फरक दिसला नाही. अभ्यास लहान आहे, तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावर फार मोठा मनोरा उभारू नये. पण ‘मला येत नाही’ म्हणणाऱ्या बाईला सांगण्यापुरता तो पुरेसा आहे.

आणि एक इशारा, स्पष्ट शब्दांत. रेघ ही झोपेची भरपाई नाही. ती मदतीची भरपाईही नाही. बाळंतपणानंतर आठवडे उलटले तरी रडू थांबत नसेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, जीव नकोसा होत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि आशाताईंना सांगा, पेणच्या किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. बाळंतपणानंतर असं होणं हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. त्याची लाज बाळगायची नाही.

आता वही कशी वापरायची ते.

बॉलपेन घ्या, पेन्सिल नको. पेन्सिल घेतली की खोडरबर येतं, आणि खोडरबर आलं की निम्मा वेळ स्वतःला नापास करण्यात जातो. वाकडी रेघ राहू द्या, तिच्या शेजारी दुसरी काढा.

सुरुवात ठिपक्यांनी करा, कारण ते हाताला ठाऊक आहे. चार ओळी, चार ठिपके. रांगोळीत आपण ठिपके जोडतो. इथे त्यांना वळसा घालत जायचं, एकाला डावीकडून, पुढच्याला उजवीकडून, पेन न उचलता. रेघ कुठे निघाली हे पाहत राहायचं, पुढे कुठे जाणार याची काळजी करायची नाही. मन मध्येच उद्याच्या डब्याकडे जाईल. जाऊ दे. लक्षात आलं की पेनाच्या टोकाकडे परत यायचं. असं दहा वेळा झालं तरी सराव चुकला असं समजू नका, हा येण्या-जाण्याचाच सराव आहे.

मग एखादी वस्तू. हिवाळ्यात आपल्याकडे मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लागते, तेव्हा वालाच्या शेंगा घरात असतातच. एक शेंग समोर ठेवा. तिच्या देठापासून नजर कडेकडेने फिरवायची, मुंगी चालेल इतक्या सावकाश, आणि नजर जिथे असेल तिथे पेन असल्यासारखं कागदावर चालवायचं. कागदाकडे बघायचं नाही. किमॉन निकोलाईदीस या अमेरिकेतल्या चित्रशिक्षकाच्या १९४१ साली निघालेल्या पुस्तकात हाच पहिला धडा म्हणून दिलेला आहे, तोही चित्रकार होऊ पाहणाऱ्यांना. शेंग शेंगेसारखी येणार नाही. पण आयुष्यभर सोललेल्या वालाच्या शेंगेला दाण्यादाण्यावर इतका फुगवटा असतो आणि टोकाशी ती अशी वळते, हे कदाचित पहिल्यांदा दिसेल. शेंग नसेल तर अळूचं पान, सुका बोंबील, पांढरा कांदा, मुलाची उलटी पडलेली चप्पल, काहीही.

पावसासाठी वेगळी पानं ठेवली आहेत. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत वाळत घातलेले कपडे, ओली शाळा आणि घरात अडकलेली मुलं यांनी आईचा जीव मेटाकुटीला येतो. त्या दिवसांत वस्तू वगैरे काही नको. पत्र्यावरचा आवाज ऐकत उभ्या रेघा ओढायच्या. जोर वाढला की जवळजवळ, ओसरला की लांबलांब. पान भरलं की झालं. मूल मांडीवर झोपलेलं असताना एका हाताने हेच जमतं, म्हणून मला ही पानं सगळ्यांत आवडतात.

वेळ कुठला? पहाटे पाचला उठून चित्र काढा, असं मी कोणाही आईला सांगणार नाही. पहाटे पाचला तिने झोपावं. कुकरच्या शिट्ट्यांची वाट बघताना, नळाला पाणी यायच्या आधी, शाळेच्या फाटकाशी, दवाखान्याच्या रांगेत, किंवा खिडकी मिळाली तर पेण, कासू, नागोठणे, रोहा या टप्प्यात गाडीत. त्या वेळी हात एरवी मोबाइलकडे जातो. मोबाइलवर दुसऱ्यांची नेटकी घरं आणि हसरी मुलं दिसत राहतात, आणि बंद करताना बाई आधीपेक्षा दमलेली असते. छापील नक्षीत रंग भरायच्या वह्या बाजारात मिळतात, त्या आणू नका असं म्हणत नाही. पण दुसऱ्याने आखलेल्या रेघेच्या आत राहायचा सराव आपल्याला पुष्कळ झालाय, असं मला वाटतं. म्हणून या वहीत तसलं एकही पान नाही.

मुलं मध्ये येणारच. त्यांच्यासाठी दुसरा कागद आणि दुसरं पेन जवळ ठेवा. त्यांना शिकवू नका, त्यांचं सुधारू नका, आणि आपलं पान त्यांना रंगवायला देऊ नका. हे शेवटचं कठीण जातं. आईच्या ताटातलं, आईच्या अंथरुणातलं, आईच्या वेळातलं सगळं मुलांचं असतं. एक पान तिचं असू दे. मूल थोडं कुरकुरेल, आणि आईचीही एक वही असते हे शिकेल.

घरातल्यांशी दोन शब्द बोलायचे आहेत, विशेषतः सासूबाईंशी आणि नवऱ्यांशी. सासूबाई, तुम्ही गोपद्मं काढलीत, जिवती पूजलीत, त्या बसण्याने तुम्हाला काय दिलं ते तुम्हालाच ठाऊक आहे. तुमच्या सुनेच्या वाट्याला ते निमित्त आता उरलेलं नाही. तिला तेवढं बसू द्या, जमलं तर तुमची नक्षी तिच्या वहीत काढून द्या. नवरे मंडळींनी वही भेट म्हणून आणली तर छानच, पण वहीबरोबर ती दहा मिनिटंही आणावी. म्हणजे तेवढा वेळ मुलाला बाहेर न्यायचं, आणि परत आल्यावर ‘बघू काय काढलंस’ असं विचारायचं नाही. तिला दाखवायचं असेल तर ती दाखवील. तिची पानं स्टेटसवर टाकायची नाहीत, कौतुकानेसुद्धा नाही. बघणारे आले की ती पुन्हा बघणाऱ्यांसाठी काढू लागेल.

वहीत ४८ पानं आहेत. काहींवर ठिपके आहेत, काही पावसाची आहेत, आणि निम्म्याहून जास्त कोरी आहेत. ‘चांगलं’, ‘छान प्रयत्न’ असले शेरे नाहीत, प्रमाणपत्र नाही, शेवटी नमुन्यादाखल कोणाची सुंदर चित्रंही नाहीत. कागद मुद्दाम साधा घेतला आहे, म्हणजे वाया जाईल म्हणून हात अडणार नाही. संपली की पुन्हा हीच मागवायची गरज नाही. मुलांच्या गेल्या वर्षीच्या वह्यांची मागची कोरी पानं फाडून दाभणाने शिवून घ्या. बॉलपेन त्यावर उत्तम चालतं.